हवालदारांनी वडिलांचा फोटो मागितला तेव्हा

"लेटेस्ट पाहिजे. एकट्याचा. आणि ओळखू येईल असा," हवालदार म्हणाले.

माझे वडील सकाळी अकराच्या सुमारास घरातून निघून गेले होते. वय एकोणऐंशी. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि पायात आईच्या चपला. मेअखेरचा नवतपा लागला होता. त्या नऊ दिवसांत नागपुरात अकरानंतर कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडताना विचार करतात. दोन वर्षांपासून वडिलांची आठवण विरत चालली होती. तहान लागली आहे हेही त्यांना आम्हीच सांगायचो. ठाण्यातल्या घड्याळात दीड वाजला होता. म्हणजे अडीच तास उन्हात आणि पाण्याशिवाय.

"रंग?"

"सावळा."

"निमगोरा लिहितो. निमगोरा लिहिलं की कोणी नाराज होत नाही. ओळखीची खूण?"

त्रेपन्न वर्षं ज्या चेहऱ्यासमोर जेवलो, त्याच्या कोणत्या गालावर काय आहे हे मला सांगता येईना. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी तीस वर्षं नोकरी केली. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे, त्याचं कोणतं पान फाटलं आहे, हे झोपेतही सांगितलं असतं.

"खूण नाही," मी म्हणालो.

"मग फोटोच महत्त्वाचा," हवालदार म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

वडील निघून कसे गेले, तेही इथेच सांगतो. कूलरचा पंप जळला होता. मेकॅनिक आला, त्याच्यासाठी मी फाटकाची कडी काढली आणि ती परत लावली नाही. कूलरची खस, म्हणजे वाळ्याची ताटी, धरून उभा राहिलो. वडील रोज दहा-अकराला दुकानात जायला निघत. दुकान बंद होऊन सात वर्षं झाली होती, पण ही बातमी रोज नव्याने सांगावी लागे. त्या दिवशी कोणी सांगितली नाही, कारण सांगणारा खस धरून उभा होता.

फोटो शोधायला घरी आलो. बहीण इतवारीतल्या गल्ल्या पालथ्या घालून परतली होती. आई दारातच बसली होती. आम्ही दोघं भावंडं दिवाणातले सगळे अल्बम काढून बसलो.

आमचं घर विणकरांचं. वडिलांनी वयाच्या बाराव्या वर्षापासून हातमागावर लुगडी विणली. मी शाळेत जाऊ लागलो तोवर माग परवडेनासा झाला होता, पण त्यांनी तो सोडला नाही. फक्त दिवसाचे दोन तुकडे केले. पहाटे चारपासून साडेनऊपर्यंत माग. दहापासून रात्री आठपर्यंत इतवारीतलं साड्यांचं दुकान. तिथे त्यांचं काम घड्या घालण्याचं. गिऱ्हाईक बाई पन्नास साड्या उलगडून बघणार, एकही न घेता उठणार, आणि मग माझे वडील त्या पन्नास साड्या पुन्हा होत्या तशा करणार. असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. लोकांनी उलगडून टाकलेलं चुपचाप घडी करून ठेवणं हा त्यांचा स्वभाव आधी होता की नोकरीमुळे झाला, हे मला कधी ठरवता आलं नाही. घरीही ते वर्तमानपत्राची, पिशव्यांची, आमच्या वाळलेल्या कपड्यांची घडी घालत फिरत. रविवारी मोहल्ल्यात कोणाकडे लग्न असलं की पंगतीत वाढायला हजर. घरी सगळ्यांत शेवटी जेवत. आईने विचारलं की म्हणत, "दुकानात खाल्लं नं मी." दुकानात कोणी काही खाऊ घालत नसे, हे मला दुकानाच्या मालकाच्याच तोंडून बऱ्याच वर्षांनी कळलं.

तर असा माणूस अल्बममध्ये शोधायचा होता.

बहिणीच्या लग्नाचे दोन अल्बम. पंगतीच्या फोटोत वरणाची बादली धरलेला एक हात होता. हात त्यांचा, याबद्दल दुमत नव्हतं. कन्यादानाच्या फोटोत ते खाली वाकलेले, आणि फ्लॅशमध्ये टक्कल तेवढं चमकलेलं. सगळ्या कुटुंबाच्या फोटोत ते नव्हतेच. बहिणीला आठवलं की त्या वेळी ते आचाऱ्याला जेवायला बोलवायला गेले होते. मला पदवी मिळाली त्या दिवसाचा फोटो त्यांनीच काढलेला. रामटेकला गडावर गेलो होतो, त्यात आई, बहीण आणि मी पायऱ्यांवर उभे, आणि आमच्या पायांशी एक लांब सावली पडलेली. फोटो काढणाऱ्याची.

"यात तरी पूर्ण आले," बहीण म्हणाली आणि एकदम रडायला लागली.

आधारकार्ड होतं. त्यावरचा फोटो कोणाचाही असू शकतो. समतेचं तत्त्व आपल्या देशात पूर्णपणे अमलात आलं आहे ते फक्त तिथे.

राहिला भिंतीवरचा फोटो.

चार वर्षांपूर्वी आमच्या समाजाच्या मंडळाने सहा जणांचा सत्कार केला होता, 'आदर्श कुटुंबप्रमुख' म्हणून. वडिलांना बोलावणं आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मी काय केलं गा?"

"घर चालवलं."

"ते तं सगळेच चालवतात."

"मग तुम्ही जास्त दिवस चालवलं असेल."

"म्हातारा झालो म्हणून देऊन राहिले म्हणा नं."

समारंभ नेहमीसारखाच झाला. व्यासपीठावर इतके मान्यवर बसले की सत्कारमूर्तींना खुर्च्या पुरल्या नाहीत. वडिलांनी आपली खुर्ची एका उशिरा आलेल्या पाहुण्याला दिली आणि सवयीने बाजूला जाऊन उभे राहिले. मानपत्र सहाही जणांचं एकच होतं, नाव तेवढं बदललेलं. आपण कुटुंबासाठी चंदनाप्रमाणे झिजलात, असं त्यात होतं. फेटे तीनच होते, शिवून तयार मिळतात तसले, म्हणून पहिल्या तिघांचे काढून दुसऱ्या तिघांना घालण्यात आले. वडिलांच्या डोक्यावर तो गुलाबी फेटा जेमतेम चार मिनिटं होता. तेवढ्यात फोटोग्राफरने त्यांना एकटं उभं करून, खांद्यावर शाल आणि हातात नारळ देऊन फोटो काढला. फेटा भुवयांपर्यंत आला होता. नारळ त्यांनी छातीशी असा धरला होता, की जणू कोणी मागितला तर लगेच देता यावा.

"हा देऊ नको," आई दारातून म्हणाली.

"का?"

"यात ते नाहीच गा."

मी ऐकलं नाही. चेहरा समोरून दिसत होता, एकट्याचा होता, रंगीत होता. हवालदारांच्या सगळ्या अटी तो पूर्ण करत होता. काचेवर माझ्याच डोक्याची सावली पडू नये म्हणून मी फोटो भिंतीवरून काढला, मोबाइलवर टिपला आणि ठाण्यात पाठवला.

हवालदारांचा फोन आला. "हे तं नवरदेवाचे आजोबा वाटून राहिले. दुसरा नाही का?"

"नाही."

"असू द्या. चालवून घेऊ."

तोपर्यंत मंडळाच्या अध्यक्षांना बातमी लागली होती. ते मागच्याच गल्लीत राहतात. माणूस वाईट नाही. उन्हात स्वतः चालत आले, आईसमोर खाली बसले. "काकू, दहा मिनिटांत पूर्ण नागपुरात पोचवतो," म्हणाले. वाढदिवसांचे बॅनर करून देणारा एक माणूस त्यांच्या कायम हाताशी असतो. वीस मिनिटांत पोस्टर आलं.

केशरी पार्श्वभूमी. कोपऱ्यात झेंडूची फुलं. मध्यभागी अंडाकृती चौकटीत फेट्यातले माझे वडील. वर हात जोडलेले अध्यक्ष, खाली कार्यकारिणीचे पाच गोल चेहरे. 'आदर्श कुटुंबप्रमुख' ही अक्षरं सोनेरी आणि सर्वांत मोठी. 'हरवले आहेत' हे त्याखाली, जागा उरली तेवढ्यात.

आयुष्यभर मी चौकाचौकातल्या असल्या फलकांना हसत आलो. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाच्या मुलाला दहावीत पंचाऐंशी टक्के. तो फलक मी स्वतः, एकेक करून, माझ्या मोबाइलमधल्या प्रत्येक ग्रुपवर पाठवला.

उत्तरं यायला लागली. पहिलं होतं, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, काका." मग केकचं चित्र. मग "अभिनंदन." मग कोणीतरी "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं आणि त्याच्या पाठोपाठ आणखी अकरा जणांनी तेच. माझ्या एका सहकाऱ्याने, ज्याच्याशी मी पंचवीस वर्षं पुस्तकांवर बोलतो, हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली विचारलं, "कधी?"

दुपारचे साडेतीन झाले होते. बाहेर शेहेचाळीसच्या पुढचं ऊन, आणि मी गच्चीखालच्या पट्टीएवढ्या सावलीत उभा राहून लोकांना लिहीत होतो की ते गेलेले नाहीत, हरवले आहेत.

बहिणीने आणि मी तिच्या स्कूटरवर पाचपावली, गोळीबार चौक, महाल असं सगळं फिरून काढलं. शेवटी पुन्हा इतवारी. वडिलांच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात; बहीण दुपारी आली तेव्हा ते बंद होतं. तिथल्या माणसाने पोस्टर नीट पाहिलं. "असा कोणी आला असता तं लक्षात राहिला असता भाऊ," म्हणाला. "एक म्हातारा आला होता दुपारी. पण तो बनियनवर होता. आत येऊन पाहत होता. भिकारी समजून पाणी दिलं अन् जा म्हटलं."

"कोणत्या बाजूला गेला?"

"ते नाही पाहिलं."

निदान पाणी दिलं होतं.

साडेपाचच्या सुमारास आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. उष्माघाताचे रुग्ण ठेवतात त्या वॉर्डाच्या दाराशी टेबल होतं. टेबलामागच्या सिस्टरने माझ्या मोबाइलमधला फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"नाही, असे कोणी नाहीत. इथं सगळे रस्त्यावरून आणलेले गरीब लोक आहेत."

"एकदा बघू का?"

"दारातून बघा. आत गर्दी नका करू."

मी दारातून पाहिलं. दहा-बारा खाटा, ओल्या चादरी, दोन मोठे कूलर. तिसऱ्या खाटेवर एक म्हातारा कमरेखाली ओली चादर, तोंड अर्धं भिंतीकडे, असा पडला होता. कवळी काढलेली, गाल आत गेलेले, दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधलेली. कोणाचा असेल बिचारा, असं माझ्या मनात आलं. बांधलेल्या माणसाकडे टक लावून पाहू नये म्हणून मी सभ्यपणाने नजर वळवली.

ते माझे वडील होते. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला कळलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच फोन आला. "तुमचे फेटेवाले बाबा इथं कामठीले आहेत. लॉनवर. एकटेच बसून आहेत, कोणाशी बोलून नाही राहिले."

बहिणीने स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. कामठीला पोहोचेपर्यंत अंधार पडत आला होता. लॉनवर लग्न होतं. फेटा घातलेले किमान पंधरा म्हातारे तिथे हिंडत होते, कारण वरपक्षाने सगळ्या मानकऱ्यांना गुलाबी फेटे वाटले होते. लग्नसराईत फेट्यातला म्हातारा शोधायला निघालेला मी नागपुरातला पहिला शहाणा असेन. फोन करणाऱ्या भल्या माणसाने आम्हाला नवरदेवाच्या मामांसमोर नेऊन उभं केलं. ते एका खुर्चीत रुसून बसले होते.

"हेच नं?"

मामांनी पोस्टर पाहिलं, आम्हा दोघांकडे पाहिलं. "मी हरवलो नाही, बाप्पा. मले जेवाले कोणी बोलावलं नाही म्हणून बसलो." मग बहिणीचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. "काहून वं पोरी, बाप हाय का?"

ती हो म्हणाली. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

रात्रीबद्दल काही लिहीत नाही. सकाळी आईने साडी बदलली आणि म्हणाली, "मी येते. मोबाइल खिशात ठेव तुझा."

"आई, सगळे दवाखाने पाहून झाले."

"तू दाखवत होता गा. पाहत कुठी होता?"

त्याच वॉर्डात गेलो. टेबलावर कालचीच सिस्टर होती, आज सकाळच्या पाळीला. आईने काही दाखवलं नाही. टेबलावर दोन्ही हात टेकून विचारलं, "अवं बाई, गाठी मारनारा म्हातारा आला का इथं? दोरा दिसला का त्याले गाठ मारते, असा?"

सिस्टर थांबली. "ते बाबा? अहो आजी, त्यांनी चादर उसवली नं पूर्ण. एकेक धागा काढून राहिले. सलाइनची नळीही ओढली. म्हणून हात बांधले."

"उसवत नाही वं, माय. सांधून राहिले असतील."

मागावर धागा तुटतो. दिवसातून शंभरदा तुटतो. विणकर काम थांबवून त्याची दोन टोकं शोधतो आणि बोटांच्या चिमटीत, न बघता, गाठ मारतो. वडील सगळं विसरत गेले, माझं नाव, दुकान बंद झाल्याची गोष्ट, पण बोटं ते काम करत राहिली. घरी टॉवेलच्या दशा, आईच्या पदराचे सुटलेले दोरे, सगळ्याला गाठी. आम्हाला इतकी सवय झाली होती की ती खूण आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. खूण नाही, असं मी पोलिसांना सांगितलं होतं.

आई तिसऱ्या खाटेपाशी गेली. पायजमा तोच होता. तिने आधी बँडेजच्या गाठी सोडल्या आणि मग म्हणाली, "अवो."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. रजिस्टरमध्ये 'अनोळखी पुरुष' असं होतं. डॉक्टर आमच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांएवढा तरुण होता. काल दीडच्या सुमारास कोणीतरी रिक्षातून आणून सोडलं, ताप फार होता, मूत्रपिंडं काम करत नाहीत, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, काल साडेपाचला आम्ही त्यांना ओळखलं असतं तर? तो कागदात पाहत म्हणाला, "असं सांगता येत नाही." त्याने खोटं बोलायला थोडा वेळ घेतला, हे मला कळलं, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

हात मोकळे ठेवायचे तर कोणीतरी धरून बसायला हवं, असं सिस्टरने सांगितलं. आम्ही तिघं पाळीपाळीने धरून बसलो. माझ्या तळहातात त्यांची बोटं सारखी चालत. आधी मला वाटलं, मला काही सांगत आहेत. मग कळलं की माझ्या हातात ते दोरा शोधत आहेत. बहिणीने आपल्या ओढणीची दशा त्यांच्या बोटांत दिली. तेव्हा ते जरा शांत झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. त्या वेळी पाळी बहिणीची होती.

मंडळाने शोकसभा घेतली. मी गेलो नाही, आई गेली. तिथे काय झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पण पोस्टर गेलं नाही. ते अजून फिरतंच आहे. ज्यांना ते मिळतं त्यांना वाटतं, आजच मिळालं म्हणजे आजच हरवले. माझा नंबर खाली आहे. आठवड्यातून एकदा तरी फोन येतो. उमरेडहून, रामटेकहून, एकदा थेट गोंदियाहून. लोक चांगले असतात, स्वतःचं काम सोडून फोन करतात. मी सुरुवातीला सांगायचो की ते वारले. मग समोरच्याला वाईट वाटे, तो माफी मागे, आणि मीच त्याची समजूत घालत बसे. आता नुसतं "सापडले, धन्यवाद" म्हणतो.

गेल्या महिन्यात मौद्याहून फोन आला. बसस्टँडवर एक बाबा सकाळपासून बसले आहेत, फेटा नाही पण चेहरा तोच वाटतो, काही सांगत नाहीत. मी सवयीने "सापडले" म्हणायला तोंड उघडलं. आई समोर भाजी निवडत होती.

"कोण होय?"

मी सांगितलं.

"जाऊन पाह्य नं," ती म्हणाली.

"आई."

"मले समजते गा. माझ्या डोळ्यासमोर नेलं त्यांले. पण तो कोनाचा तं असंल."

मी गेलो. तासाभराचा रस्ता. म्हातारा बाकावर बसला होता, मांडीवर पिशवी, पायात स्वतःच्याच चपला. वडिलांसारखा अजिबात दिसत नव्हता. भुवया जाड, वरचे दोन दात पुढे, डाव्या कानाच्या पाळीला छिद्र. हे सगळं मी समोर उकिडवा बसून पाहिलं. त्याला वाटलं मी वेडा आहे.

"बाबा, घरी जायचं का?"

"तुझ्या घरी कायले येऊ गा मी? पोरीकडे चाललो. दोन गाड्या सोडल्या, गर्दी होती."

त्याची बस येईपर्यंत थांबलो, त्याला चढवून दिलं आणि स्टँडवरूनच आईला फोन केला. म्हणालो, ते हरवलेले नव्हते, लेकीकडे निघाले होते.

तिने विचारलं, "जवळ जाऊन पाह्यलं नं?"

"पाहिलं."

"नीट?"